बेस गिटारला डिस्टॉर्शन पेडल: दाबलं की बेसच गायब!

खालची_तार | ८ जुलै, रात्री ११:२०

मंडळी, हा धागा संगीतात टाकावा की तंत्रज्ञानात, यावर दोन दिवस घालवले. चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही चौघे. दोघे हिंजवडीत, एक बँकेत, ड्रमरचा स्वतःचा धंदा. दर रविवारी सकाळी कर्वेनगरातल्या एका तळघरात तासाचं भाडं भरून वाजवतो. माझ्याकडे साधा चार तारांचा पॅसिव्ह बेस, आजवर केबल थेट अँपमध्ये. गेल्या महिन्यात जरा जड गाणी घ्यायला लागलो, तेव्हा गिटारवाल्याने त्याचं जुनं नारिंगी डिस्टॉर्शन पेडल (पायाने दाबायचं, आवाज करकरीत करणारं डबडं) मला दिलं. "घे, तुझ्याही आवाजाला दात येऊ देत."

घरी दार लावून वाजवलं, अंगावर काटा आला. रविवारी जॅमरूममध्ये पेडल दाबलं आणि मी गाण्यातून उठून गेलो. करकर ऐकू येतेय, पण खालचा भार नाही. ड्रमरने वाजवता वाजवता मान वर करून पाहिलं, माझी केबल निसटली की काय म्हणून. लेव्हल वाढवली तर गिटारवाला म्हणतो, "माझ्यात घुसतोयस."

तर प्रश्न असा: बेसला गिटारचं पेडल चालतच नाही का? की मला वाजवता येत नाही? (दुसऱ्याचं उत्तर जरा सांभाळून द्या.)

---

आयता_बिळोबा | ८ जुलै, रात्री ११:३१

रुमाल टाकून ठेवतो. घरी एक पेडल दोन वर्षं धूळ खात पडलंय, याच कारणाने.

---

मेटलमावशी | ९ जुलै, सकाळी ७:०५

घरी एकट्याने वाजवून टोन ठरवणं म्हणजे मोरीत गाऊन सवाईला अर्ज करण्यासारखं आहे. एकटं असताना जे भरगच्च वाटतं ते चौघांत उरत नाही. शिवाय घरी आपण हळू आवाजात वाजवतो, आणि हळू आवाजात कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. त्यामुळे ते गेले, हे घरी कळतच नाही.

कॉलेजात असताना मीही हेच केलं होतं. फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांच्या स्पर्धेच्या) तालमीत पेडल दाबून असा काही चेहरा केला की बस. मागून आमचा दिग्दर्शक ओरडला, "बेस सुरू कर गं!" तो सुरूच होता.

नॉब कुठे ठेवलेस ते सांग. घड्याळाच्या काट्यात सांग: सातला बंद, बाराला मध्यावर, पाचला पूर्ण.

---

खालची_तार | ९ जुलै, सकाळी ९:४०

गेन तीनवर, टोन दोनवर, लेव्हल बारावर.

---

मेटलमावशी | ९ जुलै, सकाळी ९:५२

झालं की मग. गेन नऊवर आण आधी. टोनही खाली.

गेन वाढवला की नुसता खरखरीतपणा वाढत नाही, हळू आणि जोरात यातला फरक पुसला जातो. बोटाने तार सोडताना जो पहिला ठोका निघतो ना, 'ठप्', तो ड्रमरच्या किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) चिकटतो. तीनवरच्या गेनने तो ठोका आणि त्यामागची गुणगुण एकाच उंचीची होतात. मग किक वेगळी, तू वेगळा. भार गेला असं जे वाटतं, त्यातला अर्धा भार हा ठोकाच असतो.

---

तापकीर_गल्ली_फेरी | ९ जुलै, दुपारी १:१५

मावशींशी सहमत, पण उरलेला अर्धा भार खरोखरच जातो. त्याचं कारण डब्यात आहे.

तुमचं नारिंगी डबडं मी उघडून पाहिलेलं नाही, म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेतो, इबानेझचा ट्यूब स्क्रीमर. त्यात सिग्नल जिथे कापला जातो (लाटेचे शेंडे छाटले की करकर येते) तिथे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडलेत. या जोडीने हद्द ठरते ७२० हर्ट्झची. त्याखाली उतराल तसतसा गेन कमी होत जातो. म्हणजे तो डबा मुद्दाम वरचा आवाज फुगवतो आणि खालचा जवळपास आहे तसा सोडून देतो.

गिटारला हे योग्यच आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, आणि खालचे सूर जास्त कापले गेले की आवाजाचा चिखल होतो. पण बेसची जाड तार ४१ हर्ट्झची, पाच तारांचा असेल तर ३१. तुमचा बहुतेक सगळा संसार त्या हद्दीच्या खाली. वरचं फुगलं, खालचं तिथेच राहिलं, आणि 'फार मोठं झालं' म्हणून तुम्ही लेव्हल कमी केली की खालचं बुडालं.

तो कपॅसिटर बदलून ०.२२ चा घातला तर हद्द १५४ हर्ट्झवर येते, ०.४७ घातला तर ७२ वर. तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) हा जिन्नस चहापेक्षा स्वस्त पडतो. सोल्डरिंगचा हात असेल तर एका संध्याकाळचं काम. मात्र पेडल गिटारवाल्याचं आहे हे विसरू नका.

---

गिटारी_भटका | ९ जुलै, दुपारी १:४०

विसरू नका!!!

---

रानमांजर | ९ जुलै, दुपारी २:१०

बेसला डिस्टॉर्शन म्हणजे वरणाला फोडणी दिली आणि वरणच ओतून टाकलं, असं काहीसं दिसतंय.

---

सदाशिव_जवारी | ९ जुलै, संध्याकाळी ६:३०

मला विजेच्या वाद्यांतलं काही कळत नाही, आधीच सांगतो. नातू तुमच्यासारखंच काहीतरी वाजवतो म्हणून धागा उघडला. पण वाचताना वाटलं, हे सगळं आमच्या ओळखीचं आहे.

तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते. तार तिच्यावर नुसती टेकत नाही, कंप पावताना घोडीच्या पाठीला घासून जाते. मधे दोरा सरकवून ती जागा नेमकी लावायची. लागली की तार नुसती 'सा' म्हणत नाही, तिच्यातून वरचे सूर झिरपायला लागतात. कानाचा माणूस खर्जाच्या तारेत गंधार ऐकतो. हीच जवारी. तुमचं पेडलही सरळ आवाज कशाला तरी घासायला लावून त्यातून वरचे सूर काढत असणार.

आता मुद्दा. जवारी जास्त उघडी लावली तर तंबोरा नुसता झणझणतो, गायकाला सा सापडत नाही. मिरजेचे कारागीर कानस हातात धरून एक एक घास काढतात आणि दर खेपेला तार छेडून बघतात. ऐकायचं काय? झणक नव्हे. झणकेखाली खर्ज उभा आहे की नाही, ते.

---

मेटलमावशी | ९ जुलै, संध्याकाळी ६:४८

आजोबा, साष्टांग. वीस वर्षं हेच सांगायला शब्द शोधत होते.

---

तापकीर_गल्ली_फेरी | ९ जुलै, संध्याकाळी ७:२०

काकांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी सारखंच कापणारं सर्किट ४१ हर्ट्झच्या सुरातून तिप्पट, पाचपट असे विषम सूर काढतं, म्हणजे १२३, २०६ वगैरे. एका बाजूने जास्त कापलं की दुप्पट, चौपटही येतात. आणि तुमचा तो गंधार म्हणजे पाचपटीचा सूर. पुन्हा पुन्हा खालचे सप्तक करत आणला की गंधारावरच उतरतो.

---

निरागस_प्रश्न | ९ जुलै, रात्री ९:०२

बावळट प्रश्न असेल तर माफी. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ निघूच शकत नाही ना? मग मोबाईलवर गाणं लावलं तर बेस ऐकू कसा येतो?

---

तापकीर_गल्ली_फेरी | ९ जुलै, रात्री ९:२५

बावळट नाही, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. निघत नाही. पण ८२, १२३, १६५ असे वरचे सूर निघाले, निदान त्यांच्याही वरचे निघाले, तर मेंदू त्यांच्यामधलं अंतर मोजतो आणि 'हे ४१चं कुटुंब आहे' असं ठरवून टाकतो. नसलेला खर्ज ऐकू येतो. म्हणूनच ध्वनिमुद्रणात बेसला थोडं डिस्टॉर्शन देण्याची पद्धत आहे, अगदी हळुवार गाण्यांतही. रॉकशी त्याचा संबंध नाही.

---

साउंडवाला_पिंट्या | १० जुलै, रात्री १२:५०

आत्ता एक कार्यक्रम आवरून घरी आलो. वाचलं सगळं. घोडीबिडी ठीक आहे, पण माझं ऐका.

एक. बेसच्या कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीला) बहुधा वर एक छोटा हॉर्न असतो, बारीक आवाजासाठी. गिटारच्या कॅबिनेटला नसतो, तिथला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर मान टाकतो. त्यामुळे गिटारचं डिस्टॉर्शन गोल ऐकू येतं आणि बेसचं तेच डिस्टॉर्शन हॉर्नमधून मधमाश्यांसारखं. कॅबिनेटच्या मागे हॉर्नचा नॉब असेल, तो बंद करा. पेडलमधून थेट मिक्सरला लाइन देणारे तर माझे शत्रू आहेत. दिलीच, तर मी पाच हजारांच्या वरचं कापून टाकतो. मग म्हणू नका, माझा टोन खाल्ला.

दोन. गिटारवाल्याला सांगा, खालचं कमी कर. शंभरच्या खालचं त्याचं काही कामाचं नाही. एकटा वाजवताना त्याला ते भारी वाटतं, बँडमध्ये तो नुसता बेसच्या ताटात जेवतो.

---

गिटारी_भटका | १० जुलै, सकाळी ८:१५

म्हणजे शेवटी दोष गिटारवाल्याचाच. हे राहिलंच होतं.

---

साउंडवाला_पिंट्या | १० जुलै, सकाळी ११:३०

दिवा घ्या हो, गंमत केली. पण रविवारी करून बघा.

---

मेटलमावशी | १० जुलै, दुपारी १२:१०

आता मूळ मुद्द्यावर. बेसच्या पेडलांवर 'ब्लेंड' नाहीतर 'बॅलन्स' असा एक नॉब असतो. त्याने स्वच्छ आवाज आणि घासलेला आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. बॉसच्या पिवळ्या ओडीबी-३ वर आहे, हेलसिंकीच्या डार्कग्लासच्या पेडलांवर आहे, सॅन्सअँपच्या बेस ड्रायव्हरवर आहे. बिग मफच्या बेस आवृत्तीत कोरा आवाज मिसळायचा खटका आहे. ब्रँडवरून भांडू नका, ही सोय आहे का ते बघा. खर्ज कोरा राहतो, जवारी वरून चढते.

अमेरिकन बेसवादक बिली शीहन तर अख्खा बेसच तसा वाजवतो. बेसला दोन जॅक, एका पिकअपचा खालचा कोरा आवाज एका अँपला, दुसऱ्याचा घासलेला दुसऱ्या अँपला.

---

ढोलपथकी | १० जुलै, दुपारी १२:४५

ढोलाचं तसंच की! एका पानावर हाताची थाप, दुसऱ्यावर टिपरू. नदीपात्रात सराव चालतो तेव्हा लांब डेक्कनच्या बाजूला उभं राहून ऐका, नुसती घूम येते. जवळ आलं की टिपरूची कडकड. एकाच पानावर दोन्ही करायला गेलं तर पथकप्रमुख हाकलून देईल.

---

खालची_तार | १० जुलै, दुपारी ३:२०

पण मावशी, मग मेटॅलिकाचा क्लिफ बर्टन? तो तर सरळ फझ (जास्तच खरखरीत डिस्टॉर्शन) आणि वाह पेडल लावून वाजवायचा, त्याचं काही गायब होत नव्हतं.

---

मेटलमावशी | १० जुलै, दुपारी ३:३५

कुठलं ऐकतोयस? मेटॅलिकाच्या १९८३च्या पहिल्या अल्बममधला तो प्रसिद्ध बेस सोलो ना? त्यात गिटार आहे का? नाही. आधी एकटा बेस, मग ड्रम. अख्खं मैदान मोकळं. तिथे तू तुझं नारिंगी पेडल तीनवर ठेवलंस तरी चालेल. मोटरहेडच्या लेमीचंही तेच. तो मार्शल अँपमधून कॉर्ड वाजवायचा, बँडमध्ये दुसरी गिटार असल्यासारखा. तुमच्या गाण्यात ती जागा रिकामी आहे का, ते आधी बघ.

बीटल्सचं १९६५चं 'थिंक फॉर युवरसेल्फ' ऐक. फझ लावलेला बेस ऐकू येतो, पण खाली दुसरा साधा बेसही आहे. मॅकार्टनीने दोन्ही वाजवलेत. ब्लेंडचा नॉब नव्हता तेव्हाचं ब्लेंड!

---

आयता_बिळोबा | १० जुलै, दुपारी ४:१०

या विषयात बेस पाहुणा नाहीच मुळी. १९६०-६१च्या सुमारास नॅशव्हिलच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या गाण्याच्या वेळी मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि त्यातून गुरगुरणारा आवाज आला. त्या चॅनलला जे वाद्य लावलं होतं ते सहा तारांचा बेस होतं. त्या बिघाडाची नक्कल करायला डबा तयार झाला, तो १९६२चा मेस्ट्रो फझ-टोन. म्हणजे फझचा तो डबा बेसच्या आवाजावरून बनला, गिटारच्या नव्हे.

---

गिटारी_भटका | १० जुलै, दुपारी ४:१२

मी हा धागा सोडतोय.

---

खालची_तार | १० जुलै, रात्री १०:४०

थोडं अवांतर. आज घरी प्रयोग करत होतो. पेडल बंद, तरी एका सुरावर करकर. केबल बदलली, अँपला कान लावला, काही नाही. शेवटी लक्षात आलं, दुसऱ्या तारेचा मोकळा सूर वाजला की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची ताटं थरथरतात. आईने ताटांच्या मधे फडका ठेवला आणि 'डिस्टॉर्शन' बंद झालं.

ब्लेंडवालं पेडल सध्या बजेटमध्ये बसत नाही. पण बाजारात एक छोटा डबा मिळतो, कुठलंही पेडल त्याच्या लूपमध्ये लावायचं आणि कोरा आवाज सोबत मिसळायचा. ऑनलाइन एक स्वस्तातला सापडलाय, मागवतो.

आणखी एक. पॉवर कॉर्ड (षड्ज आणि पंचम एकत्र) वाजवले तर पेडलमधून नुसतं भुसकट येतं. का?

---

तापकीर_गल्ली_फेरी | ११ जुलै, सकाळी १०:००

दोन सूर एकत्र कापले गेले की त्यांच्या वजाबाकीचा सूरही तयार होतो. बेसची मोकळी जाड तार ४१, तिचा पंचम ६२. वजाबाकी सुमारे २०. ते कानाला सूर म्हणून लागतच नाही, स्पीकरचा कागद मात्र पुढेमागे हलून दमतो. गिटारवर हाच हिशेब ८२ आणि १२३चा, वजाबाकी ४१, छान जाड वाटतं. म्हणून बेसवर पंचम घ्यायचाच तर बाराव्या पडद्याच्या आसपास जा, किंवा षड्जाला वरचा षड्ज जोडा. त्याची वजाबाकी षड्जच येते.

---

खालची_तार | १९ जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतोय.

गेल्या रविवारी नुसतं पेडल गेन नऊवर, टोन खाली, हॉर्न बंद, गिटारवाल्याचं खालचं कमी (याला अर्धा तास वाद) असं केलं. बराच फरक. आज तो ब्लेंडचा डबा आला आणि सगळं पुन्हा बिघडलं. कोरा आवाज एकटा: भरदार. पेडल एकटं: ठीक. दोन्ही निम्मे-निम्मे: आधीपेक्षा पातळ! मिसळल्यावर वाढायला हवं ना? आतून पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. डबा परत करू?

---

तापकीर_गल्ली_फेरी | १९ जुलै, रात्री ९:३०

थांबा, परत करू नका. फेज उलटी आहे.

एकातली लाट वर जाते तेव्हा दुसऱ्यातली खाली जाते. मिसळली की एकमेकींना खातात. वरच्या भागात डिस्टॉर्शनने लाटेचा आकारच बदललेला असतो म्हणून ते वाचतं, पण खालचा भाग दोन्हीकडे जवळपास सारखा, तो नेमका मारला जातो. काही पेडल सिग्नल उलटा करून बाहेर देतात. एकट्याने वाजवताना काही कळत नाही, कोऱ्या आवाजाशेजारी ठेवलं की उघडं पडतं. या डब्यांवर कधीकधी फेज उलटायचं बटण असतं. बघा.

---

खालची_तार | १९ जुलै, रात्री ९:५५

आहे! बाजूला, पॉवरच्या भोकाशेजारी, खसखशीएवढा खटका. मला वाटलं तो चालू-बंदचा असेल. दाबला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "फडका काढलास का रे?"

नव्हता काढला.

---

मेटलमावशी | १९ जुलै, रात्री ९:५७

=)) आता रविवारी सांग.

---

खालची_तार | २७ जुलै, दुपारी १:०५

आत्ता परत आलो. कोरा साधारण साठ टक्के, घासलेला चाळीस, गेन दहावर. तास संपेपर्यंत पेडल चालूच ठेवलं. कुणी काही बोललं नाही. शेवटी ड्रमर म्हणाला, "आज पेडल आणलं नाहीस ते बरं केलंस, आवाज चांगला लागला."

---

साउंडवाला_पिंट्या | २७ जुलै, दुपारी १:२०

उत्तर न देता एक गाणं पेडल बंद करून वाजवायचं ना.

---

खालची_तार | २७ जुलै, दुपारी १:२६

वाजवलं. दुसऱ्याच कडव्यात मान वर करून माझ्या केबलकडे बघायला लागला.

सदाशिव काका, तुम्हाला एक मिनिटाचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय.

---

सदाशिव_जवारी | २७ जुलै, संध्याकाळी ७:४५

ऐकलं. नातवाने लावून दिलं, त्याच्याच फोनवर. गाणं माझ्या पलीकडचं आहे, दुसऱ्यांदा ऐकणार नाही. पण खर्ज आहे. त्या एवढ्याशा फोनात तो नाही म्हणता, तरी आहे. गेन म्हणता तो नॉब अजून किंचित खाली चालेल, एक केसभर.

---

आयता_बिळोबा | २७ जुलै, रात्री ८:१०

ते नारिंगी पेडल आता विकणार का?

---

गिटारी_भटका | २७ जुलै, रात्री ८:११

माझं आहे.